दहावं बाळ आणि सहा खाडे

प्रियदर्शनी घोगरे या मुलीला बाळं मोजायची सवय लागली होती. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की ती बोटांवर मोजायची, आंघोळीला गेली की मोजायची, आणि आईने "अजून एक भाकरी देऊ का गं" असं विचारलं तर तंद्रीत "नऊ" म्हणून मोकळी व्हायची. नऊ बाळं तिने स्वतःच्या हातांनी या जगात आणली होती. तिच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला दहा लागत. दहा झाली की केसबुक पुरं, केसबुक पुरं की परीक्षेचा फॉर्म, आणि परीक्षा झाली की ही मुलगी नर्स. एक बाळ कमी पडलं तर मात्र सहा महिने घरी बसायचं आणि पुढच्या बॅचच्या मुलींबरोबर पुन्हा रांगेत उभं राहायचं. फॉर्म भरायची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी होती आणि आज होता मंगळवार.

मुलगी एकवीस वर्षांची, ठेंगणी, आणि सगळ्यातच घाई. बोलण्यात घाई, जिना उतरण्यात घाई, हसण्यातसुद्धा घाई. लेबर रूममध्ये एखाद्या बाईच्या कळा वाढायला लागल्या की हिला एका जागी उभं राहवायचं नाही. बाळाचं डोकं दिसलं की हिच्या अंगावर काटा यायचा, तो नवव्या वेळीही तसाच आला होता. बाकीच्या मुली केस संपली की चहा शोधायला जात. ही बाळाच्या पायाच्या नखांकडे बघत उभी राहायची आणि पूर्णिमा सिस्टरची बोलणी खायची. पूर्णिमा सिस्टर म्हणजे मुलींची वॉर्डातली ड्यूटी जिथं लागे त्या प्रसूतिगृहाच्या लेबर रूमच्या इन्चार्ज. "घोगरे, नखं सगळ्यांना दहाच असतात, चल, ट्रॉली आवर," असं त्या म्हणत.

घोगऱ्यांचं घर विश्रांतवाडीत, दोन खोल्यांचं. वडील उत्तरेश्वर बावीस वर्षांपूर्वी धाराशिवकडून आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात लागले. या बावीस वर्षांत त्यांनी एक खाडा केला नव्हता. अंगात ताप घेऊन गेले, दाढ सुजली तरी गेले, सख्ख्या भावाच्या लग्नाला रात्रीचं जाऊन सकाळच्या पाळीला परत आले. कंपनीने याबद्दल त्यांना चार वेळा भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरात चार घड्याळं आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवणारी, पण उत्तरेश्वरांना त्यांचं भारी कौतुक. मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: "पिऊ, मार्क कमी पडले तर चालंल, खाडा करायचा न्हाई."

अशा घरातली मुलगी नेमकी तनुजा मॅडमच्या हाताखाली गेली, हा योगायोग म्हणावा की दैव, कुणास ठाऊक. तनुजा मॅडम कॉलेजच्या प्रात्यक्षिक विभागाच्या प्रमुख होत्या. शनिवार पेठेत राहायच्या, चोवीस वर्षं नोकरी, साडीला एक चुणी कमीजास्त नाही. हजेरीचं मस्टर त्या कुणाच्या हाती देत नसत. वर्गात ऐंशी टक्के हजेरी चालायची, पण वॉर्डात पूर्णच हवी. आणि वॉर्डातला एक दिवस चुकला की भरपाईच्या दोन ड्यूट्या. एकाला दोन. का चुकला याला महत्त्व नव्हतं. ताप असो, बहिणीचं लग्न असो नाहीतर नुसता कंटाळा, मस्टरला तिन्ही सारखेच. कॉलेजच्या फाटकाशी फलकच लावला होता: सलग चार वर्षं वॉर्डात (भरपाई धरून) शंभर टक्के हजेरी. जिथं आजाऱ्यांची सेवा शिकवतात तिथं आजारी पडायची सोय नाही, हा विनोद होता. पण तिथं कुणी हसत नव्हतं.

प्रियदर्शनीने हा विनोद अंगावर काढला होता. पहिल्या वर्षी तिला डेंगी झाला. अकरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती आणि त्याचे बावीस दिवस तिने फेडले. दिवाळीत बाकीच्या मुली फराळाचे फोटो पाठवत होत्या तेव्हा ही पुरुषांच्या वॉर्डात चादरी बदलत होती. तेव्हापासून तिने ठरवूनच टाकलं की आपण आजारी पडायचं नाही. घसा दुखला तर गुळण्या, डोकं दुखलं तर गोळी, आणि कोणी विचारलं तर "काही नाही मॅडम, धूळ". सगळ्याच मुली हेच करत. शिकवलेलं औषधशास्त्र त्यांनी आधी स्वतःवर वापरलं, ताप कधी उतरतो आणि पुन्हा कधी चढतो हे त्या घड्याळाकडे बघून सांगू शकत.

आता दहावं बाळ इतकं का अडलं, तेही सांगायला हवं. लेबर रूमच्या भिंतीवर मुलींच्या नावांची यादी लावलेली असे आणि तिच्या क्रमाने एकेकीला केस मिळे. पण बाळं यादी वाचून येत नाहीत. कधी एका पाळीत चार येतात, कधी दोन दिवस शुकशुकाट. त्यातून सिझर झालं की ती केस मोजायची नाही. प्रियदर्शनीच्या नंबराला लागोपाठ तीन बायका सिझरला गेल्या होत्या. बाकीच्या आठ जणींची दहा दहा पुरी झाली आणि ही नवावर अडकली. मंगळवारी पुन्हा तिचा नंबर होता. सोमवारी रात्री ती इस्त्री केलेला गणवेश खुर्चीवर पसरून झोपली, ते सुद्धा कशीबशी.

सकाळी तिला डोळेच उघडता येईनात. पापण्या चिकटून बसल्या होत्या. कोमट पाण्याने सोडवल्या आणि आरशात बघितलं तर दोन्ही डोळे लालभडक. त्या महिन्यात अर्ध्या पुण्याचे डोळे आले होते. बसमध्ये भर पावसाळ्यात काळे चष्मे लावलेली माणसं दिसत होती. तिचे डोळे मात्र यायला नको होते, निदान सोमवारपर्यंत नको होते.

"नगं जाऊस," आई सुशीलाबाई म्हणाल्या. "डोळं बघ की कसं झाल्यात."

"आई, आज माझा नंबर आहे."

"नंबर लागल की पुन्हा."

"पुन्हा लागणार नाही. आज गेले नाही तर सहा दिवस घरी. सहाचे बारा. फॉर्म सोमवारी आहे, आई. बारा ड्यूट्या मी कधी करू, सांग."

सुशीलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. उत्तरेश्वर डबा भरून दारात उभे होते. बावीस वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती. प्रियदर्शनी त्यांच्याच मागोमाग बाहेर पडली.

उपाय निकिताकडे होता. निकिता तिची जोडीदारीण, हॉस्टेलवर राहणारी, सगळ्या अडचणींवर काहीतरी काढून देणारी. प्रसूतिगृहाच्या फाटकाशी तिने पर्समधून एक छोटी बाटली काढली. डोळ्यांतली लाली उतरवणारे थेंब होते ते.

"दोन दोन टाक. तीन तास टेन्शन नाही. डोळे एकदम व्हाइट."

"तुझेपण आलेत का?"

"परवापासून. कुणाला कळलं?" निकिता म्हणाली. "आख्ख्या बॅचने घातलेत हे. तूच राहिली होतीस."

प्रियदर्शनीने थेंब घातले. पाच मिनिटांत डोळे खरंच पांढरे झाले, आणि तिचा जीव भांड्यात पडला. खाज तशीच होती, पण खाज मस्टरमध्ये दिसत नाही. सात वाजता तनुजा मॅडमनी येऊन हजेरी घेतली, तिच्या नावापुढे खूण केली आणि त्या पुढच्या वॉर्डात गेल्या.

साडेनऊला अपूर्वा नावाची पहिलटकरीण आत आली. नवरा बाहेर, ही आत, आणि घाबरून पांढरीफटक पडलेली. प्रियदर्शनीने तिचा हात धरला. श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं, कंबर चोळून दिली, पाणी पाजलं. दहा वाजता पूर्णिमा सिस्टरनी तपासलं आणि म्हणाल्या, "छान चाललंय. सिझर नाही हे. घोगरे, तुझी केस."

हे ऐकून मुलगी अक्षरशः पंजांवर उभी राहिली. अकराच्या सुमाराला कळा जवळ आल्या. तिने कोपरापर्यंत हात घासले, गाऊन चढवला, ग्लोव्हज घातले, ट्रे मांडायला घेतला. नाळेला लावायचे चिमटे, कात्री, बाळाला गुंडाळायची दोन ऊबदार फडकी. आणि शेवटी निर्जंतुक कापसाचे दोन बोळे. बाळ बाहेर आलं की आधी त्याचे डोळे पुसायचे असतात, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, नाकाकडून कानाकडे. नऊ वेळा तिने हे केलं होतं आणि नऊ वेळा केसबुकात लिहिलं होतं.

तो बोळा चिमट्यात धरला आणि तिचा हात तिथंच थांबला. तिचा स्वतःचा डावा डोळा पाझरायला लागला होता. थेंबांचे तीन तास होऊन गेले होते. ग्लोव्हज घातलेल्या हाताने डोळा पुसता येत नाही, आणि पाणी गालावरून खाली चाललं होतं, ट्रेच्या दिशेने. समोर अपूर्वा ओरडत होती. बाळाचे केस दिसायला लागले होते, काळेभोर, ओले. प्रियदर्शनीला ते बाळ हवं होतं. मग ती ट्रेपासून दोन पावलं मागे सरली.

"सिस्टर, मी नाही घेत ही केस. माझे डोळे आलेत."

पूर्णिमा सिस्टरनी मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं. "आलेत. बरं. आणि घरी एकटे सोडवेनात म्हणून सोबत घेऊन आलीस." पुढचं सगळं त्यांनी एका दमात उरकलं: स्टाफ नर्सला हाक मारली, दुसरा ट्रे मागवला, ग्लोव्हज चढवले. "बाहेर हो. काही शिवू नकोस."

ती बाहेर बाकावर बसली. सात-आठ मिनिटांनी आतून बाळाचं रडणं आलं, खणखणीत. सवयीने तिने भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली, अकरा वीस, आणि सवयीने तिचा चेहरा फुललाही. मग लक्षात आलं की ही वेळ आपल्याला कुठंच लिहायची नाही. त्यानंतर ती रडली, आणि डोळे आलेले असताना रडू नये हे ठाऊक असून रडली.

अर्ध्या तासात तनुजा मॅडम आल्या. तोवर पूर्णिमा सिस्टरनी बाकीच्या मुलींना खिडकीच्या उजेडात उभं करून डोळे तपासले होते आणि पाचांच्या पाच घरी पाठवण्यासारख्या निघाल्या होत्या. दुसऱ्या पाळीच्या मुलींनाही बोलावणं गेलं. मॅडमनी हात पुढे केला. निकिताने मुकाट्याने बाटली दिली.

"सगळ्या बॅचला ही एकच?"

"हो मॅडम."

"नऊ मुली, अठरा डोळे, आणि बाटली एक."

मॅडमनी बाटली उजेडात धरली.

"संसर्ग कसा पसरतो, हा धडा तुम्हाला कुणी शिकवला?"

"तुम्हीच, मॅडम," निकिता म्हणाली. तिला खोचक बोलायचं नव्हतं. खरंच त्यांनीच शिकवला होता.

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या प्रियदर्शनीकडे वळल्या. "आणि तू. तुला आज सकाळी माहीत होतं?"

"हो मॅडम."

"तरी आलीस. लेबर रूममध्ये."

आता या मुलीला गप्प बसता आलं असतं. पण सगळं हातचं गेल्यावर माणसाला भीती उरत नाही. "आजारी पडलं की एकाला दोन, मॅडम. सहा दिवसांच्या बारा. फॉर्म सोमवारी. त्या बारा ड्यूट्या बसतील इतके दिवसच नव्हते. आम्ही सगळ्या असंच येतो. तापात पण येतो. तुम्हाला कुणी सांगत नाही."

तनुजा मॅडमनी बाटली बाजूला ठेवली आणि चष्मा काढून डोळे पुसले. "घरी जा," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्या. डॉक्टर बरं म्हणेपर्यंत येऊ नका. आजची हजेरीही खोडतेय मी." फॉर्मचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. मुलींच्या ग्रुपवर निकिताने लिहिलं, "थँक्यू हं, सत्यवादी," आणि नंतर कुणीच काही लिहिलं नाही. ते न लिहिणं प्रियदर्शनीला जास्त लागलं. घरात तिचा टॉवेल वेगळा, उशी वेगळी, ताट वेगळं. ती काळा चष्मा लावून भिंतीशी बसायची आणि उशीचं बाळ करून नाळ बांधायचा सराव करायची. वेड लागल्यासारखंच चाललं होतं तिचं. उत्तरेश्वर रोज संध्याकाळी आले की विचारायचे, "आज कितवा?" म्हणजे कितवा खाडा. तिसऱ्या दिवशी त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्या लेकराच्या डोळ्याला काय झालं असतं गं?"

"काहीही झालं असतं, बाबा. नजरसुद्धा जाते कधी कधी."

उत्तरेश्वर जेवता जेवता थांबले. "मग बस घरी," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी खाडे मोजणं बंद केलं.

शनिवारी डॉक्टरांनी दोन्ही डोळे बरे झाल्याचं लिहून दिलं. संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. "ज्यांना डॉक्टरांचं पत्र मिळालं आहे त्यांनीच सोमवारी यावं. फॉर्म सोमवारी रात्री साडेसातपर्यंत ऑफिसात. चुकलेल्या दिवसांचं तेव्हा बघू." ते 'तेव्हा बघू' प्रियदर्शनीने तीसेक वेळा वाचलं. त्यातून आशाही काढता येत होती आणि भीतीही, आणि तिने रविवारभर दोन्ही काढल्या.

सोमवारी ती सातला नव्हे, साडेसहालाच लेबर रूमच्या दारात हजर. आत चारही टेबलं रिकामी. नऊला एक बाई आली, तिला बघून प्रियदर्शनीने ट्रे पुढे ओढला, आणि साडेदहाला ती बाई सिझरला गेली. बारा वाजले. एक वाजला. दोनची पाळी बदलली तरी ती हलली नाही. तिने ट्रे तीनदा मांडला, फडकी चारदा घडी केली, खिडकीतून रस्त्यावरची प्रत्येक रिक्षा बघितली.

"घोगरे, बस जरा," पूर्णिमा सिस्टर म्हणाल्या. "बाळांना तुझ्या फॉर्मची नोटीस गेलेली नाही."

पावणेचारला एक रिक्षा थेट पायऱ्यांना लागली. वारज्याची बाई, तिसरी खेप, आणि सोबत सासू बायडाबाई, जी सुनेपेक्षा मोठ्याने ओरडत होती. "आवो सिस्टर, लवकर करा, हिचं लई झटक्यात हुतंय. मागची दोन बी अशीच झाली, येक तर दारातच."

प्रियदर्शनी धावली. तिने कोपरापर्यंत हात घासले. बायडाबाईचं म्हणणं खरं निघालं; टेबलावर घेईपर्यंत डोकं खाली आलं होतं. पूर्णिमा सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून, म्हणजे केस हिचीच. "थांबा ताई, आता जोर नका करू, फुंकर मारा, फुंकर," प्रियदर्शनी म्हणत होती, आणि तिचे हात, ते एरवी सगळ्यात घाई करणारे हात, इतके शांत होते की तिचं तिलाच नवल वाटलं. डोकं आलं. मान फिरली. एक खांदा, दुसरा खांदा, आणि चार वाजून बारा मिनिटांनी एक गरम, निसरडी, संतापलेली मुलगी तिच्या दोन्ही हातांत होती.

"पोरगी झाली, आजी," तिने दारातल्या बायडाबाईला सांगितलं, आणि तिला हसू आवरेना.

"दिसतंय ती कशी वरडतीया," बायडाबाई म्हणाली. "माझ्यावर गेली."

दहा. पण केस बाळाबरोबर संपत नाही. वार (प्लॅसेंटा) पडावी लागते, रक्तस्राव बघावा लागतो, आणि पुढचा तासभर जिने केस घेतली तिने आईपासून हलायचं नसतं. प्रियदर्शनी हलली नाही. खिशात फोन थरथरत होता, एकदा, दोनदा, पाचदा. तिने तो काढलासुद्धा नाही. एक हात बाईच्या पोटावर, नजर घड्याळावर, दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब. सव्वापाचला पूर्णिमा सिस्टरनी केसबुकात सही केली आणि म्हणाल्या, "आता पळ."

बाहेर निकिता उभी होती. आठवडाभर न बोललेली निकिता, स्कूटर चालू ठेवून, हातात प्लॅस्टिकची फाइल. "किती फोन करायचे तुला? झालं का?"

"झालं. मुलगी."

"ऐक. तनुजा मॅडम आज आल्याच नाहीत. आजारी आहेत."

"कोण?"

"मीपण असंच विचारलं. ऑफिसच्या अनंत काकांनी दोनदा सांगितलं तेव्हा पटलं. आठ जणींचे फॉर्म अडकलेत, तुझा नववा मी भरून आणलाय, पण सही त्यांचीच लागते. काका म्हणतात, मी नाही जाणार त्यांच्या घरी. आमच्यातलीही कुणी तयार नाही." निकिताने तिच्याकडे रोखून बघितलं. "तू खरं बोलणारी ना? बस मागे."

शनिवार पेठेपर्यंत निकिताने स्कूटर कशी नेली ते तिच्या घरच्यांना न कळलेलं बरं. दोन सिग्नल, एक हातगाडी आणि एक चिडलेला रिक्षावाला मागे टाकून त्या पोचल्या तेव्हा पावणेसहा होत होते. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, आणि दारात तनुजा मॅडम. घरची साधी साडी, केस नीट विंचरलेले नाहीत, आणि डोळ्यांवर मोठाच्या मोठा काळा चष्मा.

"तिथंच थांबा. उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

दोघी जिथल्या तिथं थांबल्या.

"त्या दिवशी ती बाटली हातात घेतली, आणि त्याच हाताने चष्मा काढून डोळे पुसले," मॅडम म्हणाल्या. "चोवीस वर्षं शिकवतेय. परवा रात्री चालू झालं. काल सकाळी मी साडी नेसून तयार झाले होते, रविवार असूनही काम होतं म्हणून. दाराला कुलूप लावलं आणि मग परत उघडलं." एवढं त्या कुणाशी स्वतःहून बोलल्याचं मुलींनी कधी ऐकलं नव्हतं. "काय काम आहे?"

प्रियदर्शनीने फॉर्म उंबऱ्यावर ठेवले आणि मागे सरली. मॅडमनी हात धुतले, पुसले, आणि आतल्या टेबलाशी बसून एकेक कागद पुढे घेतला. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना होता: वॉर्डातली गैरहजेरी भरून काढली आहे काय. तिथं 'नाही' आलं की फॉर्म पुढे जात नसे. मॅडमचं पेन त्या रकान्यावर येऊन थांबलं.

"दहावी केस झाली?"

"आज झाली मॅडम. चार बाराला."

"आणि चुकलेले दिवस?"

"सहा. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून येते. बारा ड्यूट्या करीन. तुम्ही म्हणाल त्या वॉर्डात."

"बारा कशा?"

"एकाला दोन, मॅडम."

"तुझा हिशेब चुकतोय," तनुजा मॅडम म्हणाल्या. "सहाच्या सहा. आणि त्याही शिक्षा म्हणून नव्हे, तितकं शिकायचं राहिलंय म्हणून." त्यांनी रकान्यात सावकाश लिहिलं, चष्म्यातून नीट दिसत नसल्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं: आजारी होती, रजा मंजूर. खाली सही. मग दुसरा फॉर्म, तिसरा, नवाच्या नवांवर तेच. चोवीस वर्षांत हे शब्द त्यांनी कुठल्याच कागदावर लिहिले नव्हते. निकिताने प्रियदर्शनीचा हात पकडला तो इतका घट्ट की नखं रुतली, पण प्रियदर्शनीने तो सोडवला नाही.

"पळा आता. रस्त्यात गर्दी असेल," मॅडम म्हणाल्या. "आणि कागद उन्हात धरायला हवे होते, पण ऊन नाही. हात धुवा पोचल्यावर."

आळंदी रस्त्यावरच्या कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म सात वाजून पाच मिनिटांनी अनंत काकांच्या टेबलावर पडले. काकांनी तो रकाना वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि शिक्का मारला. नऊ वेळा. निकिता बाकीच्या मुलींना फोन करून ओरडत होती. प्रियदर्शनीने फाटकाशी येऊन वडिलांना फोन लावला. ते पाळी संपवून बसस्टॉपवर उभे होते, मागे गाड्यांचा गोंगाट.

"बाबा, झालं. दहावं झालं, मुलगी झाली, फॉर्म पण गेला," ती एका श्वासात म्हणाली.

"आन् खाडे? सहा हुते की."

"ते मंजूर झाले बाबा. आजारी होती, रजा मंजूर, असं लिहून सही केली मॅडमनी."

पलीकडे बस येऊन थांबल्याचा आवाज आला. घंटी वाजली, बस गेली, आणि उत्तरेश्वर स्टॉपवरच उभे होते.

"पिऊ," मग त्यांनी विचारलं, "आसं मंजूर बी करत्यात व्हय?"